घड्याळ म्हणे, आई ठणठणीत!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत म्हाताऱ्या माणसांच्या मनगटावरच्या घड्याळाचे कौतुक वाचले. रुग्णालयातून घरी आलेल्या आजीची पावले म्हणे मुलगा परदेशातून मोजतो आणि निर्धास्त झोपतो. लेखकाच्या घरी असा पेशंट आलेला नसावा. देव करो आणि न येवो.

माझी आई ८४ वर्षांची. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, पाचव्या दिवशी घरी सोडले. टोरंटोच्या धाकट्या भावाने लगेच घड्याळ पाठवले. आई वॉकर घट्ट धरून घामाघूम होत संडासापर्यंत जायची, तेव्हा हात हलत नाहीत म्हणून पावले शून्य. संध्याकाळी पलंगावर बसून टाळ्या वाजवत हरिपाठ म्हटला की चारशे! लगेच भावाचा फोन, "दादा, आज आई मस्त चालली."

नवव्या दिवशी ती सकाळपासून पेंगत होती. नाडी ठीक, ऑक्सिजन ९७; भाऊ खूश, मीही गाफील. पोळ्या करायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आजींनी चहाला तोंड लावलं नाही, आणि मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारतायत. मला काही ठीक दिसत नाही." रक्त तपासले तर सोडियम ११६, म्हणजे धोक्याइतके कमी. पुन्हा आयसीयू. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध होते, त्याने सोडियम उतरू शकते; ते डिस्चार्ज कार्डावर तसेच चालू ठेवलेले, आणि खाली 'पंधरा दिवसांनी दाखवणे'. मध्यंतरी रुग्णालयाचा एक फोन मात्र आला होता. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल?

खेड्यात बाळ जन्मले की आशाताई ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी येऊन बघून जातात. नवजात बाळाची अशी घरी जाऊन काळजी घेण्याची रीत आपल्याच गडचिरोलीत बंग दांपत्याने उभी केली. घरी सोडलेल्या म्हाताऱ्यांकडे पहिल्या पंधरवड्यात कोणी दोनदा डोकावले, जीभ कोरडी पडली आहे का, पडून पडून टाच लाल झाली आहे का, माणूस नेहमीसारखे बोलते आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ. मावशींना त्यासाठी चार्जिंग लागले नाही.

आई आता बरी आहे आणि तुमचे शब्दकोडे मागते. ते हल्ली इतके बारीक छापता की आडवे-उभे सगळे मलाच मोठ्याने वाचून दाखवावे लागते. घड्याळाच्या जाहिरातीला मात्र अर्धे पान सापडते!

कळावे,
एक ज्येष्ठ वाचक, डोंबिवली (पूर्व)