‘रिपोर्ट आला की कळवू’ हे बंद करा: आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

आदरणीय आरोग्यमंत्री साहेब,

नमस्कार. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल लिहितेय, कागदोपत्री त्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात पण तपासणीच्या रांगेत तसं कुणी बोलत नाही.

मी एकदा अशाच फुकट तपासणीच्या कॅम्पला गेले होते. पडदा नावापुरता, पण सिस्टर प्रेमळ होती, अंग सैल सोड गं म्हणाली, नमुना घेतला, काचेच्या पट्टीवर पेन्सिलने नंबर टाकला आणि म्हणाली रिपोर्ट आला की कळवू. आजपर्यंत कुणी कळवलेलं नाही. मला जमत होतं म्हणून मी दुसरीकडे जाऊन तपासून घेतलं, पण माझ्या पुढे एक बाई होती, कामाचा खाडा करून आलेली, कडेवर पोर, तिचं पुढे काय झालं कुणास ठाऊक.

साहेब, हा आजार काही रातोरात होत नाही. एचपीव्हीचा, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याचा, संसर्ग बहुतेकींचा आपोआप जातो, ज्यांचा टिकून राहतो त्यांच्यातल्या काहींना कॅन्सर होतो आणि त्यालाही साधारण 15 ते 20 वर्षं लागतात (एचआयव्ही असेल आणि उपचार नसतील तर बरेच लवकर). एवढा वेळ हाताशी असून बाई शेवटच्या स्टेजला येते म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय ना?

आणि मोठं हॉस्पिटलच पाहिजे असंही नाही. पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच, कापसाच्या बोळ्याने लावायचं, मिनिटभर थांबायचं, खराब जागा पांढरी दिसते. टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ट्रेनिंग दिलेल्या साध्या आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी हेच करून घेतलं आणि 12 वर्षांत मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. पण एकदाच कॅम्प घेऊन, फोटो काढून मोकळं होऊन चालत नाही. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या अभ्यासात, त्याचे निकाल 2009 साली आले, व्हिनेगरच्या एकाच फेरीने मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही, एचपीव्ही टेस्टच्या एका फेरीने मात्र ते जवळजवळ निम्म्यावर आले. शिवाय पाळी गेलेल्या बायकांमध्ये व्हिनेगरची तपासणी नीट दिसतच नाही. म्हणून जमेल तिथे एचपीव्ही टेस्टच आणा. तिचा नमुना बाई आडोशाला जाऊन स्वतः घेऊ शकते, निम्मा संकोच तिथेच संपतो!

पण खरी गळती होते ती तपासणीनंतर. आज तपासणी, महिन्याने रिपोर्ट, मग लांबच्या हॉस्पिटलची चिठ्ठी, तिथे पुन्हा तपासणी, आणि प्रत्येक फेरीला मजुरी बुडते, घरच्यांना समजवायचं, सोबत कुणीतरी न्यायचं, बाई दुसऱ्या फेरीलाच गळते आणि आपण म्हणतो बायकांना जागरूकता नाही. अहो, जागरूकता होती म्हणून तर ती रांगेत उभी होती!

थर्मल ॲब्लेशनचं, म्हणजे खराब जागा उष्णतेने जाळून टाकायचं, मशीन हातात मावतं, बॅटरीवर चालतं, मिनिटभराचं काम असतं, बहुतेक वेळा भूलही लागत नाही. खराब जागा छोटी असेल तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर काम संपतं. जिचा डाग मोठा आहे किंवा कॅन्सरचीच शंका आहे तिला नुसती चिठ्ठी देऊन पाठवू नका, गाडी द्या आणि सोबत माणूस द्या.

मुलींना एचपीव्हीची लस तर हवीच, 9 ते 14 वयात. रवांडासारख्या गरीब देशाने 2011 मध्येच सुरू केली आणि 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते की या वयात एक डोसही चालेल. म्हणजे दुसऱ्या डोससाठी पोरी शोधत फिरणंही वाचलं. पण त्या पोरींच्या आयांना आधीच संसर्ग झाला असेल तर लस तो काढत नाही, त्यांना तपासणीच लागते.

माझं मागणं छोटं आहे. कॅम्पच्या अहवालात ‘किती महिला आल्या’ हा रकाना असतोच, त्याच्या शेजारी अजून दोन टाका: कितीजणींमध्ये दोष सापडला आणि त्यातल्या कितीजणींचा उपचार पूर्ण झाला. आणि तो तिसरा आकडा दर महिन्याला तुम्ही स्वतः मागा.

कळावे,
एक पेशंट, जिचा रिपोर्ट अजून यायचाय