माप अंगावरून घे, जुन्या ब्लाऊजवरून नको

सोलापूर

सखे,

तुझं पत्र मिळालं. त्यातलं एक वाक्य मला मुळीच पटलं नाही, म्हणून आज सगळी कामं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. तू म्हणतेस, 'चांगला विकतचा पॅटर्न, म्हणजे कापडावर ठेवून बेतायचा कागद, आणला तरी कुर्ता बसेना, माझं अंगच बेढब झालंय.' असं पुन्हा लिहू नकोस. बुर्डा या जर्मन शिवण-मासिकाचा तो नेहमीच्या साइजचा पॅटर्न 168 सेंटिमीटर उंचीची बाई धरून आखलेला असतो. तू पाच फूट दोन इंच, म्हणजे साधारण 157 सेंटिमीटर. मग कागदावरची कमर तुझ्या कमरेखाली उतरणार, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, खाली लोंबणार आणि काखेत झोळ पडणार. यात तुझ्या अंगाचा काय दोष?

अशा ठरीव साइजा कशा बनतात त्याचं एक उदाहरणही ऐक. अमेरिकेच्या कृषी खात्यानं 1939-40 मध्ये सुमारे 15,000 बायकांची मापं घेतली, पण अहवालात धरली फक्त गोऱ्या बायकांची. तिथल्या तयार कपड्यांच्या साइजांचं 1958 चं प्रमाण त्याच आकड्यांवर बेतलं. आपल्याकडे निफ्टनं, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेनं, सहा शहरांत 25,000 लोकांना थ्रीडी स्कॅनरखाली उभं करून मापं घ्यायचं ठरवलं. त्यातून भारतीय अंगाचे तक्ते तयार करायचे असं ठरलं, आणि ते मला हवेच आहेत. पण तक्ता कितीही चांगला असला तरी तुझी पाठ, तुझे खांदे त्यात कुठून येणार? ते टेपनंच मोजावे लागतात.

तू मापाचा ब्लाऊज पाठवते म्हणालीस. पाठवू नकोस. शिंप्याकडे मापाचा ब्लाऊज टाकायची आपली सवय फार जुनी आहे, पण त्या ब्लाऊजमध्ये आधीच्या शिंप्याच्या चुका जशाच्या तशा असतात. काखेत काचत असेल तर पुढचे सगळे ब्लाऊज तिथंच काचतात. शिवाय तो शिवला तेव्हाची तू आणि आताची तू यांत फरक पडलाय. तेव्हा माप अंगावरूनच घे. स्वतःचं स्वतः घेऊ नकोस, हात वर केला की खांदा सरकतो आणि आकडा बदलतो. मुलीला हाताशी घे. आधी कमरेला एक नाडी बांध, जरा इकडेतिकडे वाक, आणि ती जिथं स्थिरावेल तीच तुझी कमर. मान खाली घातलीस की मानेच्या मुळाशी हाड वर येतं, तिथून नाडीपर्यंत पाठीची उंची. पुढून खांद्याच्या गळ्याकडच्या टोकापासून टक्स पॉइंटपर्यंत, म्हणजे छातीच्या सर्वांत पुढे आलेल्या टोकापर्यंत, आणि तिथून पुढे नाडीपर्यंत. खांदा हाडापासून हाडापर्यंत. सीट, म्हणजे नितंबांचं माप, उभ्यानं घे आणि बसूनही घे, कारण बसल्यावर ती वाढते आणि कुर्ता फाटतो तो बसतानाच. सलवारीच्या आसनासाठी, म्हणजे कमरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतच्या मापासाठी, लाकडी खुर्चीवर ताठ बस आणि बाजूनं नाडीपासून खुर्चीच्या पाटापर्यंत मोज. पोट आत ओढायचं नाही. हे मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला सांगते आणि प्रत्येक जण ओढतेच.

आता छातीची दोन मापं घे. एक काखेतून, वरच्या छातीवरून आडवं आणि दुसरं पूर्ण छातीचं. मागच्या पत्रातले तुझे आकडे 34 आणि 38 आहेत. तू 38 पाहून साइज निवडलीस, आणि म्हणूनच खांदा उतरला, गळा पसरला. बहुतेक पाश्चात्त्य पॅटर्न या दोन मापांत 2 इंचांचा फरक धरून काढलेले असतात. तुझी वरची छाती 34, म्हणून ज्या साइजला पूर्ण छाती 36 आहे ती घे. खांदा आणि गळा आपोआप नीट बसतील. उरलेले 2 इंच फक्त पुढच्या भागात वाढवायचे. पुढच्या भागाचा कागद अर्धाच असतो, त्यामुळे त्यात 1 इंच.

ते असं कर. पुढच्या भागावर टक्स पॉइंटची खूण कर. तिथून खाली घेरापर्यंत, म्हणजे कुर्त्याच्या खालच्या कडेपर्यंत, सरळ रेघ ओढ, वर मुंढ्याच्या खालच्या तिसऱ्या हिश्शाकडे तिरकी रेघ, आणि बाजूच्या शिवणीकडे आडवी. घेराकडून कात्री घाल, टक्स पॉइंटवरून वळून मुंढ्यापर्यंत ये, पण मुंढ्याशी कागद सुटू देऊ नकोस, दोऱ्याएवढा जोड राहू दे. आडवी रेघ बाजूकडून काप आणि टक्स पॉइंटशी जोड ठेव. आता कागद बिजागरीसारखा उघडेल. उभी फट 1 इंच होईपर्यंत उघड, खाली दुसरा कागद लावून चिकटव. बाजूला आपोआप पाचर सुटेल, तोच तुझा बाजूचा टक्स, म्हणजे आकार येण्यासाठी शिवायची चिमटी. बाजूकडचा भाग थोडा खाली आलेला दिसेल, म्हणून मधली पट्टी आडवी कापून तेवढीच खाली घे. खांदा, गळा आणि मुंढा यांना हातही लागला नाही, बघ.

झेरॉक्सवाल्याकडे कागद मोठा करून घ्यावा असं तू विचारलंस. सखे, त्यानं सगळंच वाढतं. अंग असं चहूबाजूंनी सारखं वाढत नाही. छाती 4 इंचांनी वाढली तरी एका बाजूच्या खांद्याची शिवण पाव इंचाच्या आसपासच वाढते. आपल्या सोलापुरात गणवेशांचे एवढे कारखाने आहेत, तिथला कोणताही कटिंग मास्टर एका साइजवरून दुसरी काढताना प्रत्येक बिंदू वेगवेगळा सरकवतो.

उंचीचं काम मात्र सोपं आहे. ती सगळी घेराकडूनच कापू नकोस. थोडी काखेपासून कमरेच्या मध्ये कागद दुमडून कमी कर, थोडी कमरेपासून सीटच्या मध्ये आणि उरलेली खाली. मगच कमर कमरेवर येईल. आणि माया, म्हणजे शिवणीसाठी कडेनं सोडायचं जादा कापड, विसरू नकोस, बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नला ती धरलेली नसते.

तुझ्या काकूंच्या वाकलेल्या पाठीवर कुर्ता बसत नाही हे वाचून मला आमच्या शेजारच्या अक्का आठवल्या. सूप मांडीवर घेऊन विड्या वळण्यात त्यांचा जन्म गेला. पाठ गोल झाली, खांदे पुढे आले. त्यांचा प्रत्येक ब्लाऊज मागून वर चढायचा आणि मानेपाशी सुटायचा. शिंपी म्हणायचे, 'अक्का, ताठ उभ्या राहा.' मला याचा फार राग येतो. ज्या पाठीनं घर चालवलं ती आता कागदासाठी सरळ व्हायची का? त्यांच्या पाठीच्या कागदाला मी खांद्याच्या पात्याच्या उंचीवर मधून मुंढ्यापर्यंत आडवा छेद दिला आणि मध्याकडे अर्धा इंच उघडला. मधली रेघ त्यामुळे बाकदार होते, म्हणून तिथं घडी न ठेवता शिवण घेतली. खांद्याची शिवण बाहीच्या टोकाशी पुढच्या भागातून थोडी काढून मागच्या भागाला जोडली आणि बाहीची मधली खूणही तितकीच पुढे सरकवली. ब्लाऊज घालून त्यांनी पदर आवरला आणि पुन्हा मागे हात नेऊन ओढला नाही. मला तेवढं पुरलं.

काकूंचा हात डोक्यावर जात नाही म्हणतेस, तर डोक्यातून घालायचा कुर्ता नकोच. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे जी पांढरी बाराबंदी घालतात ती आठव. पुढचे भाग एकावर एक घ्यायचे आणि बंद बांधायचे, अंग थोडं वाढलं-घटलं तर बंद सैल नाहीतर घट्ट. त्याच पद्धतीनं मऊ सुती कापडात पुढून उघडणारा अंगरखा शिवू. काकूंना आवडेल, आणि पाठीतला बदल त्यात सहज सामावेल.

कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून ठेव. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. आणि सरळ चांगल्या कापडावर कात्री चालवू नकोस. मांजरपाट आण, नसेल तर जुना पलंगपोस चालेल. कच्च्या धावदोऱ्यानं जोडून काकूंच्या अंगावर चढव, त्यांना बसव, चहाचा कप उचलायला लाव. जिथं ओढ पडेल तिथं खडूनं खूण कर. कुर्त्याला छातीत 3-4 इंच सैलपणा पुरे, जास्त ठेवलास तर खांद्यावरून घसरेल.

मापं पाठवताना काकूंच्या पाठीचा आकडा त्या नेहमी बसतात तसं बसवून घे, आणि उभ्यानं घेतलेलाही शेजारी लिही. मी दोन्हींवरून कागद काढून पाठवते. संक्रांतीला गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, येणार असलीस तर मांजरपाटाचा तो कच्चा अंगरखा सोबत आण, काकूंनाही आण, म्हणजे खुणा इथंच करू.

तुझी,
सोलापूरची मैत्रीण