पिकअपवर खोली चढवायची, तर आधी वजन बघा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत कॅरव्हॅनवरचा लेख आला आणि माझ्या वर्कशॉपवर विचारपूस वाढली. हिंगणघाट ते जाम या रस्त्यावर मी पिकअप-टेम्पोच्या बॉड्या बांधतो. हौदा म्हणजे माल भरायचा मागचा भाग, फाळका म्हणजे त्याचं खाली पडणारं मागचं झाकण, ताडपत्रीच्या कमानी हे रोजचं काम. आता लोक मोबाइलवर त्या लेखाचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, "भाऊ, मांगं अशीच खोली करून द्या." लेखात सिंक होतं, फ्रिज होता, पडदेसुद्धा होते. वजनाचा आकडा एकही नव्हता. म्हणून हे पत्र.

विचारणारे सगळेच हौशी नसतात. वरुडकडचा एक संत्रा बागायतदार फळ झाडावर असताना बागेतच मुक्कामाला असतो. एका कास्तकाराचं वावर दोन शिवारांत आहे, रोही (नीलगाय) आणि डुकरांमुळे त्याला रात्रीची जागल चुकत नाही. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या यात्रेत दुकान लावणारेही येतात. आणि हो, लोणार-चिखलदरा बघायला निघालेली नवराबायकोही. यांतल्या कोणालाही फ्लॅट नको आहे. जमिनीपासून उंच, कोरडी, विंचू-सापाची धास्ती नसलेली आणि आत ताठ उभं राहता येईल अशी जागा हवी आहे. त्यासाठी पॉप-टॉप हाच प्रकार मला पटतो. गाडी चालताना छप्पर टपाच्या उंचीला बसलेलं, मुक्कामाला ते वर उचललं की भोवती कॅनव्हासच्या भिंती. वारा कमी अडतो, गाडी वळणावर कलत नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना उंच पेटी आणि बसकी पेटी यांतला फरक स्टिअरिंग धरणाऱ्याला लगेच कळतो.

ही काही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतली फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी १९७२ पासून असे कॅम्पर बनवते, दक्षिण आफ्रिकेत अलू-कॅब आहे. अमेरिकेतल्याच गो फास्ट कॅम्पर्सचा नुसता शेल, म्हणजे टोपण, छप्पर आणि वरची झोपायची जागा, सव्वाशे-दीडशे किलोच्या आसपास भरतो. त्याच देशात आतलं फर्निचर, चूल, टाकी बसवलेला पूर्ण कॅम्पर पाचशे किलोच्या घरात जातो. लेखातले फोटो या दुसऱ्या जातीचे होते. आपल्या गाड्यांना परवडतो तो पहिला.

आता आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, काढा. तिच्यावर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरल्या गाडीचं कमाल वजन. दुसऱ्यातून पहिला वजा करा, मग बसणारी माणसं वजा करा. उरतं ते तुमचं, त्यातच शेल, गादी, पाणी, भांडी, बॅटरी सगळं आलं. वणीकडचा एक मुलगा लोखंडी पेटी, एसी आणि शंभर लिटरच्या टाकीचं चित्र घेऊन आला होता. गाडी डबल कॅब, म्हणजे मागेही सीट असलेली. मी त्याला चार मित्रांसकट आणि भरल्या डिझेलसकट जिनिंगच्या धरमकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, नेलं. हौद्यात काहीच नव्हतं, तरी पावती आणि आरसीवरचा आकडा यांत दोनशे किलोही उरत नव्हते. शंभर लिटर पाणी म्हणजेच शंभर किलो. तो म्हणाला, "मंग एक पाटा चढवून द्या ना भाऊ." पाटा म्हणजे स्प्रिंगची पट्टी. तो चढवला की गाडी मागून खाली बसलेली दिसत नाही, एवढंच. ब्रेक तेच, एक्सल तोच, टायर तेच आणि आरसीवरचा आकडाही तोच. मालवाहू गाडीत तो आकडा ओलांडला तर दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वेगळे.

माझ्या धंद्यातला हिशेब सांगतो. ८ बाय ४ चा १८ गेजचा लोखंडी पत्रा २८ किलोच्या आसपास भरतो. तेवढाच दीड एमएमचा ॲल्युमिनियमचा पत्रा १२ किलो. साडेआठ फुटी हौद्यावर चार फूट उंच पेटी करायची तर असे पाच पत्रे लागतात. नुसत्या पत्र्यातच १४० विरुद्ध ६०! सांगाड्याचा पाइप, प्लायवूड, बिजागऱ्या वेगळ्या. ॲल्युमिनियम महाग पडतो हे खरं. शिवाय त्याला साधी आर्क वेल्डिंग चालत नाही, आर्गनची मशीन लागते, ती आमच्या भागात थोड्यांकडेच आहे. पण सेक्शन कापून, कोपऱ्याला पट्ट्या लावून रिवेट आणि नट-बोल्टवर उत्तम सांगाडा उभा राहतो. लोखंड आणि ॲल्युमिनियम जिथे भिडतात तिथे रबर द्या, नाहीतर पावसाळ्यात तिथेच पांढरी भुकटी धरून पत्रा खाल्ला जातो.

बॅटरीचंही तसंच. घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. दोन दिवे, एक पंखा आणि मोबाइल यांसाठी लिथियमची १०० एएच पुरते, ती बारा-तेरा किलोत येते. पाण्याचे जार वीस लिटरचे दोन न्या, संपले की गावात भरा.

गाडी कोणती यावरही बरंच ठरतं. व्ही-क्रॉस, हायलक्स यांसारख्या डबल कॅबचा हौदा जेमतेम पाच फुटी. फाळका लावून त्यात माणूस पाय पसरू शकत नाही, म्हणून झोपायची जागा कॅबिनच्या वर पुढे काढावी लागते. तिथली फळी हलकीच हवी. बोलेरो पिकअपसारख्या सिंगल कॅबचा हौदा आठ फुटांहून लांब. तिथे खालीच गादी पडते, छप्पर फक्त उभं राहण्यापुरतं उचलायचं. माझ्या मते कास्तकाराला हेच बरं. स्वस्तही पडतं. वजन कुठेही ठेवा, पण मागच्या एक्सलच्या पुढे ठेवा. जड वस्तू फाळक्याकडे गेली की पुढचं तोंड उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं.

उन्हाचं काय, हा प्रश्न पुण्याच्या माणसाला पडत नसेल. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ वर गेला होता. चंद्रपूर, ब्रह्मपुरी तर दरवर्षीच तापतात. उघड्या पत्र्याखाली रात्री अकरालाही झोप येत नाही. छताला आतून इंचभर जाडीची फोमची शीट लावा, तिला वजन जवळजवळ नाही, आणि वरून पांढरा रंग द्या. कॅनव्हासच्या चारही बाजूंना जाळीच्या खिडक्या ठेवा. गडचिरोलीकडे जाणार असाल तर जाळी मच्छर अडवेल एवढी बारीक हवी, तो मलेरियाचा पट्टा आहे. छप्पर उचलणारे गॅसचे शॉकअप घेताना दुकानदाराला वजन सांगूनच घ्या. उन्हात त्यांच्यातला गॅस फुगतो, म्हणून मे महिन्यात छप्पर खाली ओढताना दोघं लागतात आणि डिसेंबरात तेच छप्पर अर्ध्यावर अडून बसतं. खटके चारही कोपऱ्यांना, शिवाय एक पट्टा. चालत्या गाडीत छप्पर उघडलं तर मागच्याचं काय होईल ते सांगायला नको. अवकाळीचं वावधान सुटलं की छप्पर खाली घ्या, कॅनव्हास शिडासारखा भरतो. आणि ओला कॅनव्हास गुंडाळून ठेवू नका, काळी बुरशी धरली की ती जात नाही. स्वयंपाक फाळक्यावर, उघड्यावर. आत चूल नको, एका बाजूला कापड आणि दुसऱ्या बाजूला फोम आहे.

वाघाचा भाग असेल, सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडचा, तर कॅनव्हासच्या भरवशावर जंगलाच्या कडेला मुक्काम करू नये. गावात, दिव्याखाली गाडी लावावी.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहितो आहे ते. हा शेल मी वेल्ड करत नाही, हौद्याच्या कडेला क्लॅम्पने बसवतो. कापूस-सोयाबीन निघालं की पिकअप पुन्हा मालाला लागते, तेव्हा निंबाच्या फांदीला चेनपुली बांधून शेल उतरवायचा आणि विटांवर ठेवायचा. मग हा गाडीतला फेरफार की गाडीवरचं सामान? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या प्रकरणात कंपनीचा मूळ साचा बदलता येणार नाही असं सांगितलं. ते बरोबरच आहे, आमच्या धंद्यात काय काय जोडलं जातं ते मी बघतो. पण उतरवता येणाऱ्या, हलक्या शेलबद्दल मी आरटीओच्या दोन कार्यालयांत विचारलं. एका ठिकाणी सांगितलं, सामान आहे, पावती ठेवा. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, फेरफार आहे, गाडी उभी करू. विमावाल्याने तर लेखी काहीच दिलं नाही.

राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. ते मोठ्या गाड्यांसाठी चांगलं असेल, पण पिकअपवाल्या कास्तकाराला त्यातून उत्तर मिळत नाही. परिवहन विभागाने प्रत्येक आरटीओच्या फलकावर मराठीत एक पान लावावं. उतरवता येणारा शेल चालतो की नाही, चालत असेल तर किती उंच आणि किती बाहेर, वजनकाट्याची पावती जवळ ठेवायची का, आरसीवर नोंद लागते का. आणि चालत्या गाडीत मागे कोणी बसायचं नाही, हेही त्यात ठळक असावं, कारण यात्रेच्या दिवसांत लोक बसतातच. आपल्या वार्ताहराने वर्धा, नागपूर आणि चंद्रपूरच्या कार्यालयांत हाच प्रश्न विचारून तिन्ही उत्तरं शेजारी-शेजारी छापली तरी माझं निम्मं काम होईल.

– एक बॉडीमेकर,
हिंगणघाट, जि. वर्धा