स्पीकर बदलायच्या आधी कॉम्प्युटर तपासा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कुठला स्पीकर घ्यावा, कुठला हेडफोन घ्यावा यावर अधूनमधून लेख येतात, ते मी आवडीने वाचतो, माहिती चांगली असते. पण कॉम्प्युटरवर लावलेलं गाणं नीट ऐकू येत नाही अशी ज्यांची तक्रार असते त्यातल्या बऱ्याच जणांना नवीन काही घ्यायची गरजच नसते आणि हे त्यांना कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय. दुकानात विचारलं की उत्तर ठरलेलं, साउंड कार्ड गेलंय, नाहीतर स्पीकर जुने झालेत, नवीन घ्या. दोष नेमका कुठे आहे ते बघायला कोणी दहा मिनिटं बसत नाही आणि पेन्शनवरची माणसं गुपचूप पैसे मोजून घरी येतात, घरी आवाज तसाच.

मी मिरजेचा. आमच्याकडे सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला झंकार, लावताना बघत उभं राहिलं तर कळतं की आवाजासाठी किती कष्ट घेतात ही माणसं. घोडीवर तारेखालचा दोरा केसभर इकडे, केसभर तिकडे, परत तार छेडायची, परत कान लावायचा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, सगळ्यांना आनंद झाला. आणि त्याच तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग घरोघरी लॅपटॉपवर अशा अवस्थेत ऐकलं जातं की जवारी सोडाच, तंबोरा आहे का नाही हेच कळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा ते फुकटात दुरुस्त होण्यासारखं असतं.

एक उदाहरण सांगतो. आमच्या ओळखीचे एक रिटायर्ड मास्तर आहेत, नाट्यसंगीत आणि भजनांचा मोठा साठा आहे त्यांच्याकडे, सगळा डेस्कटॉपवर. एके दिवशी म्हणाले, "अरे, पेटी येते, टाळ येतात, पण गाणारीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतोय बघ, शब्द एक कळत नाही." दुकानदाराने मदरबोर्डचा साउंड गेला म्हणून सांगितलेलं. जाऊन बघितलं तर काकांनी मोबाइलचा माइकवाला इअरफोन डेस्कटॉपच्या हिरव्या भोकात लावलेला. मी म्हटलं काका, त्या वायरवरचं फोन उचलायचं बटण जरा दाबून धरा. त्यांनी दाबलं आणि गाणारीचा आवाज एकदम समोर आला, सोडलं की परत गायब. काका दोनतीनदा दाबून सोडून बघत बसले.

यामागचं कारण साधं आहे. हेडफोनच्या साध्या पिनेला तीन भाग असतात, टोकाचा डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा आणि मागचा दोघांचा मिळून ग्राउंड, म्हणजे सिग्नलची परतीची वाट. माइकवाल्या पिनेला चार भाग असतात. चार भागांची पिन तीन भागांच्या सॉकेटमध्ये गेली की काही सॉकेटमध्ये ग्राउंडचा पत्रा माइकच्या भागावर टेकतो, म्हणजे दोन्ही कानांना ग्राउंडच मिळत नाही आणि मग डावा आणि उजवा यांच्यातला फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखाच रेकॉर्ड केलेला असतो, फरक शून्य, म्हणून तो उडतो. बाजूला ठेवलेली वाद्यं आणि आवाजाला दिलेला एको तेवढा उरतो. बटण दाबलं की माइक ग्राउंडला जोडला जातो, म्हणून सगळं जागेवर येतं. साधी पिन अर्धवट आत गेली असेल किंवा सॉकेटमध्ये कचरा साचला असेल तरी हेच होतं. उपाय काय, तर पिन पूर्ण आत दाबा, नाहीतर थोडी बाहेर ओढून बघा, आणि माइकवाला इअरफोनच वापरायचा असेल तर हेडफोन आणि माइक वेगळे करणारा एक छोटा स्प्लिटर मिळतो तो लावा. मदरबोर्डला हात लावायचं काही कारण नाही.

आता यातूनच एक तपासणीची युक्ती निघते आणि ती मला सगळ्या वाचकांपर्यंत पोचवायची आहे. आपल्याकडे जुनी मोनो रेकॉर्डिंग भरपूर आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1934 ते 36 मधल्या तबकड्या घ्या, बालगंधर्वांच्या घ्या, स्टिरिओ यायच्या आधीचं काहीही चालेल. मोनो म्हणजे डावीकडे उजवीकडे अगदी एकच आवाज. असं एक रेकॉर्डिंग लावा आणि दोन स्पीकरच्या बरोबर मधे बसा. आवाज दोघांच्या मधोमध एका बिंदूतून यायला हवा. जवळजवळ काहीच ऐकू येत नसेल तर वर सांगितलेला ग्राउंडचा घोळ आहे. आवाज येतोय पण कुठून येतोय ते कळत नाही, डोक्याच्या आजूबाजूला पसरल्यासारखा वाटतो आणि तबल्याचा डग्गा पातळ झालाय, तर एका स्पीकरच्या लाल काळ्या वायरी उलट्या लागल्यात, एक स्पीकर हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. एकाच बाजूला सरकलेला असेल तर सेटिंगमध्ये बॅलन्स बघा. आणि मूळ तबकडीत नसलेला हॉलसारखा घुमारा येत असेल तर कॉम्प्युटर स्वतःच काहीतरी मिसळतोय. नवीन चकचकीत गाण्यात हे दोष झाकले जातात, मोनो मधे लगेच उघडे पडतात.

कॉम्प्युटर मिसळतो म्हणजे काय ते सांगतो. आजकाल बहुतेक लॅपटॉपमधे कंपनीने आधीच एक साउंडचं सॉफ्टवेअर घालून दिलेलं असतं, त्यात म्युझिक, मूव्ही, व्हॉइस असे मोड, बास बूस्ट, सराउंड वगैरे. सिनेमाच्या मारामारीला ते बरं वाटतं पण ख्याल ऐकताना त्याने वाट लागते, आलाप हळू असेल तर ते आवाज वर ओढतं आणि सम आली की खाली दाबतं, म्हणजे गायकाने जपून केलेला चढउतार सगळा सपाट. विंडोज 11 मधे सेटिंग्ज, सिस्टम, साउंड, मग आपला स्पीकर निवडून खाली ऑडिओ एनहान्समेंट्स असं येतं, ते ऑफ करा. विंडोज 10 मधे जुन्या साउंडच्या खिडकीत स्पीकरच्या प्रॉपर्टीजमधे एनहान्समेंट्स नावाचा टॅब असतो, तिथे सगळं डिसेबल करायची एकच खूण आहे. कंपनीच्या ॲपमधलंही बंद करा, नाहीतर एकीकडे बंद आणि दुसरीकडे चालू असं राहतं. प्लेअरमधे इक्वलायझर, म्हणजे वरचे खालचे सूर कमीजास्त करायची सोय, चढवून ठेवलेला असेल तर तोही काढा. आणि व्हीएलसी या प्लेअरचा आवाज शंभरच्या पुढे नेऊ नका, तिथून पुढे सिग्नल नुसता फुगवला जातो आणि तार सप्तकात आवाज फाटतो. प्लेअर शंभरवर ठेवा, कमीजास्त स्पीकरच्या बटणाने करा.

ब्लूटूथचं दुखणं वेगळं आणि ते हल्ली सगळ्यात जास्त दिसतं. लोक सांगतात की इअरबड मोबाइलला लावले की मस्त वाजतात, लॅपटॉपला लावले की टेलिफोनवर बोलल्यासारखं येतं. ते खरोखरच टेलिफोनसारखं झालेलं असतं. ब्लूटूथमधे गाणं ऐकायचा मार्ग वेगळा आणि फोनवर बोलायचा वेगळा. कुठल्याही ॲपने इअरबडचा माइक मागितला, मग ती झूमची मीटिंग असो की ब्राउझरमधे उघडा राहिलेला एखादा टॅब, की विंडोज बोलायच्या मार्गावर जातं, स्टिरिओ बंद, आणि 4000 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) वरचं, फारतर 8000 च्या वरचं सगळं कापलं जातं. तंबोऱ्याची जवारी, टाळांची खणखण, गाण्यातला श स हे सगळं याच भागातलं. मीटिंगचं ॲप पूर्ण बंद करा, किंवा ॲपच्या सेटिंगमधे माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा आणि ऐकायला इअरबड ठेवा, काम झालं. विंडोज 10 मधे एकाच इअरबडची दोन नावं दिसतात, एक स्टिरिओवालं आणि एक हँड्स-फ्रीवालं, गाण्याला स्टिरिओच निवडायचं. अजून एक, साउंडच्या जुन्या खिडकीत कम्युनिकेशन्स नावाचा टॅब आहे, तिथे कॉल चालू असताना बाकीचे आवाज ऐंशी टक्के कमी करायचं आधीपासूनच ठरवून ठेवलेलं असतं. गाणं मधेच बारीक होतं अशी तक्रार असेल तर तिथे डू नथिंग निवडा.

परदेशातली आपली मुलं इथल्या गुरुजींकडे ऑनलाइन शिकतात, त्यांच्यासाठी एवढंच की झूममधे ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स म्हणून सोय आहे ती दोन्हीकडे चालू करा. एरवी झूम सतत चालणाऱ्या आवाजाला पंख्याचा आवाज समजून पुसून टाकतं आणि तंबोरा तर सततच चालतो.

स्पीकरमधून घूं असा सततचा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. घूं थांबली म्हणजे स्पीकर चांगले आहेत, गोंधळ वीजेच्या जोडणीत आहे, आपली वीज 50 हर्ट्झची, तीच आवाजात उतरते. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच बोर्डावर लावून बघा, नाही गेली तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटीशी वस्तू वायरीत मधे बसते ती लावा. काही लोक तीन पिनांच्या प्लगची वरची जाडी पिन काढून टाकायचा सल्ला देतात, त्याने घूं जाते हे खरं पण हे मुळीच करू नका, ती अर्थिंगची पिन आहे, जिवाशी खेळ आहे. आमच्याकडच्या जुन्या वाड्यांत तर अर्थिंगच नसतं, लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात. असं होत असेल तर गाणं राहू दे, आधी वायरमनला बोलवा.

डेस्कटॉपला माउस हलवला की किर्र असा आवाज येत असेल तर पुढच्या भोकातली पिन काढून मागच्या हिरव्या भोकात लावा, पुढच्या भोकाची वायर डब्याच्या आतून सगळ्या खटाल्याच्या बाजूने जाते आणि तिथली विजेची खरखर उचलते. तरीही राहिलं तर काही शे रुपयांत यूएसबीचं साउंड कार्ड मिळतं, अंगठ्याएवढं, ते लावा. मधेच कट्कट् होत असेल तर वायफाय बंद करून तेच गाणं ऐका, कट्कट् गेली तर वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, अपडेट करायचा, बॅटरी सेव्हरही काढून बघायचा. लॅपटॉप गादीवर ठेवून ऐकू नका, बऱ्याच लॅपटॉपचे स्पीकर खालच्या बाजूला असतात. आणि लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरमधून डग्ग्याचा खरा घुमार येणारच नाही, तिथे कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही, ते मान्य करून हेडफोन लावा.

आता फाइलचं. हे सगळं ठीक असून गाणं खराब येत असेल तर फाइलच तशी आहे. अंदाज घ्यायला साइज बघा, 128 केबीपीएसची, म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट वापरणारी, एमपी3 मिनिटाला साधारण एक एमबी होते, 320 ची सव्वादोन ते अडीच, आणि सीडीवरून जशीच्या तशी काढलेली दहा एमबीच्या आसपास. 128 मधे तंबोरा स्थिर राहत नाही, लहरतो, आणि टाळ वाजायच्या किंचित आधीच खरखर येते. लोक त्याच फाइलला 320 किंवा फ्लॅक (काही न गाळता साठवायचा प्रकार) करून पाठवतात, साइज वाढते पण गेलेलं काही परत येत नाही. ऑडासिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे खालचे वरचे सूर दाखवणारं आवाजाचं चित्र, उघडला की अशा फाइलमधे 16000 हर्ट्झच्या आसपास वरचं सगळं सरळ रेषेत कापलेलं दिसतं. मात्र मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना हे लावू नका, त्यात वरचे सूर मुळातच रेकॉर्ड झालेले नाहीत, तिथे तेवढंच आहे.

तपासताना एक पथ्य पाळा, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दरवेळी तेच रेकॉर्डिंग, तोच तुकडा ऐका. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी परत पहिल्यापासून सुरुवात.

माझी तुम्हाला विनंती अशी की पुरवणीत खरेदीच्या लेखाशेजारी अशा दुरुस्तीलाही जागा द्या, वाचकांच्या तक्रारी मागवा, माहीतगार माणसाकडून उत्तरं छापा. आणि ज्या वाचकांकडे जुन्या तबकड्या, कॅसेटी आहेत आणि जे त्या कॉम्प्युटरवर चढवतायत त्यांनाही सांगावंसं वाटतं की खरखर काढायचं सॉफ्टवेअर जपून चालवा. ते जोरात चालवलं की खरखरीबरोबर तंबोरा जातो, श्वास जातो, गायकाचा स्वर लावतानाचा घसा जातो. साफ केलेली कॉपी हवी तर जरूर करा पण खरखरीसकट उतरवलेली पहिली फाइल डिलीट करू नका, वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि नावापुढे मूळ असं लिहून ठेवा.

आपला,
एक वाचक, मिरज