मेटल म्हणजे नुसता मोठा आवाज नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत हेवी मेटलला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण ‘विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींचा विलायती भाऊ’ हे वाक्य छापण्याआधी गिटार वाजवणाऱ्या कुणाला तरी विचारायला हवं होतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. ती पाळून, १० वॉटच्या छोट्या अँपवर (अँप्लिफायरवर) वाजवलेलं मेटलही मेटलच असतं.

डिस्टॉर्शन (गिटारच्या आवाजाला मुद्दाम आणलेला फाटका खरखरीतपणा) आणि व्हॉल्यूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिग्नल सर्किटला पेलवेनासा झाला की लहरींचे माथे छाटले जातात, त्यातून मुळात नसलेले स्वरांश तयार होतात आणि स्वर लांबतो. त्यात सा-ग-प असा पूर्ण कॉर्ड धरला तर गंधारामुळे सगळा चिखल होतो. म्हणून गंधार वगळून नुसता षड्ज-पंचम वाजवतात; तोच पॉवर कॉर्ड. षड्ज-पंचमाचं प्रमाण २:३, त्यामुळे दोघांच्या कंपनसंख्यांमधल्या फरकाचा, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज आपोआप उमटतो. मेटलचं वजन तिथून येतं. सवाईला तंबोऱ्याचा षड्ज-पंचम ऐकणाऱ्या वाचकांना हे दोन ओळींत कळलं असतं.

याच्या जोडीला रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) आणि पाम म्यूट (तळहाताने तारा अर्धवट दाबून वाजवणं) हवं. उजव्या तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजला (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीला) लागून तारांवर टेकवायची. हात पुढे सरकला तर स्वर मरतो, मागे गेला तर तार मोकळी वाजते. ब्लॅक सॅबथ या बँडच्या १९७० च्या पहिल्याच रेकॉर्डचं पहिलं गाणं सा, वरचा सा आणि तीव्र मध्यम या तीन स्वरांवर उभं आहे. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात उजवा. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. त्या बोटांना तारा दाबणं सोसावं म्हणून तारा सैल करत १९७१ पर्यंत गिटार दीड स्वर खाली उतरली आणि आवाज आणखी जड झाला. लेखात आयोमीचं नावही नाही!

सगळ्यात जास्त चीड आणली ती ‘घरच्या घरी मेटल’ या चौकटीने. अँपवर गेन (डिस्टॉर्शन किती ते ठरवणारं बटण) १०, बास (खालचे स्वर) १०, मिड (मधले स्वर) ०? हा सल्ला ऐकून मुलं बँडमध्ये उभी राहतील तेव्हा त्यांची गिटार कुणालाच ऐकू येणार नाही. एकट्याने खोलीत वाजवताना मिड शून्यावर भारदस्त वाटतं, पण गिटारची जागा मिडमध्येच असते. खालचा भाग बास गिटार आणि किक ड्रमचा. तिथे गिटारने घुसलं की तिघंही बुडतात. गेन पूर्ण उघडला की आघात सपाट होतो, पाम म्यूटची धार जाते आणि दोन स्वरांमधल्या थांब्यात नुसती खरखर ऐकू येते. गेन ५ ते ६, मिड ५ च्या वर, बास ४ इथून सुरुवात करावी आणि उरलेलं वजन उजव्या हाताने आणावं. ड्रॉप सी ट्यूनिंग (सगळ्यात जाड तार सी स्वरापर्यंत उतरवणं) सुचवताना तारांचा उल्लेखही नाही. ९ नंबरच्या, म्हणजे पातळ तारांच्या सेटवर सी लावला तर तार लोंबते आणि जोरात मारली की स्वर वर चढतो. किमान ११ चा, जाड तारांचा सेट हवा, आणि तो चढवल्यावर नेक (गिटारची दांडी) आणि इंटोनेशन (दांडीवर सगळीकडे स्वर खरा लागणं) पुन्हा जुळवून घ्यावं लागतं.

जाता जाता आणखी एक. शहरात मेटलचा कार्यक्रम झाला की तुमच्याकडे प्रेक्षकांच्या केसांचा फोटो येतो, वादकांची नावं येत नाहीत. शास्त्रीय मैफलीच्या वृत्तात तबल्याची आणि पेटीची साथ कुणाची होती हे तुम्ही न चुकता देता. ड्रमरलाही तेवढी एक ओळ द्या.

चौकटीची दुरुस्ती मात्र येत्या रविवारीच छापावी, ही विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे