दुसऱ्या ऑपरेशनची घाई नको

संपादक महोदय,

बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन घटवण्यासाठी जठरावर केलेल्या शस्त्रक्रियेनंतर वजन पुन्हा वाढले की अनेक जण थेट दुसऱ्या ऑपरेशनची तारीख मागतात. आधी पहिल्या ऑपरेशनचे कागद काढा. स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून अरुंद नळी ठेवणे) होती की बायपास (जठराची लहान पिशवी करून ती थेट आतड्याला जोडणे), यावर पुढचे ठरते. एन्डोस्कोपी आणि बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेत जठराची उरलेली पिशवी ताणली का, बायपासमध्ये तिचा आतड्याशी असलेला जोड रुंदावला का, ते दिसते. पुष्कळदा पिशवी शाबूत असते; लस्सी, संत्रा बर्फी तिच्यातून सहज उतरते, पोट भरल्याचे कळतही नाही. म्हणून आधी रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने, जेवताना पाणी बंद, गरजेनुसार सेमाग्लुटाइडसारखी भूक कमी करणारी इंजेक्शने. स्लीव्हनंतर तीव्र ॲसिडिटी असेल तर मात्र बायपासचा विचार रास्त. दुसऱ्या वेळी आतले अवयव एकमेकांना चिकटलेले असतात, शिवलेल्या जागेतून गळतीचा धोका वाढतो. हे रुग्णाला सही घेण्यापूर्वी मराठीत सांगितलेच पाहिजे.

– एक आहारतज्ज्ञ, धरमपेठ, नागपूर