बॉल कोपऱ्यात होता, कोपर पोराच्या जबड्यात बसला

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य
साहेब, स.न.वि.वि.

गेल्या रविवारपासनं घरात कुणाला झोप नाही म्हणून हे लिहितोय. माझं पोरगं १६ वर्षांचं, फॉरवर्डला खेळतं. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, पेठेपेठेत तालमींच्या टीम आहेत. तर एका ज्युनिअर मॅचमध्ये पहिल्या मिनिटापासनं त्याच्या अंगावर एक जण सोडलेला. बॉल पार दुसऱ्या टोकाला, आणि हा इकडं जर्सी धरतोय, बुटावर बूट ठेवतोय, बरगडीत कोपर घालतोय. पोरानं दोनदा रेफरीला सांगितलं, रेफरी म्हणाला खेळ तू. मग आम्हाला कॉर्नर मिळाला, बॉल अजून झेंड्यापाशीच होता, सगळं स्टेडियम तिकडं बघत होतं आणि इकडं कोपर बसला. जबडा दोन ठिकाणी मोडला. रेफरीचं उत्तर काय, तर कॉर्नर मारलाच नव्हता, खेळ थांबलेला, फाउल कसा देऊ!

अहो, फ्री किक नसेल देता येत, कार्ड तर देता येतं ना? फुटबॉलच्या १२व्या नियमात स्पष्ट आहे, बॉलसाठी झुंज नसताना जोरात मारलं तर थेट रेड, नुसता मारायचा प्रयत्न केला तरी रेड. १९६६ च्या वर्ल्डकपला पेलेला असंच तुडवलं होतं, १९७० ला पिवळी-लाल कार्डं आली. त्याला पन्नासवर वर्षं झाली, आमच्या मैदानावर ती अजून रेफरीच्या खिशातनं बाहेर येत नाहीत.

आता दात तारेनं बांधलेत, सहा आठवडे तोंड उघडायचं नाही. त्याची आई पांढरा रस्सा फडक्यातनं गाळून स्ट्रॉनं पाजते, चार घोट झाले की ते डोळे मिटून घेतं. बिल ८५ हजारच्या वर गेलं, माझा पगार २२ हजार. मैदानावर ॲम्ब्युलन्स नव्हती, रिक्षातनं नेलं, माझ्या मांडीवर रक्त. दोन वर्षांमागं बक्षीस समारंभात एका साहेबांनी माईकवर सांगितलेलं, पुढच्या सीझनपासनं ॲम्ब्युलन्स आणि ट्रेनिंग घेतलेले रेफरी देणार. टाळ्या आम्हीच वाजवल्या. ते साहेब परत दिसले नाहीत.

मागणं मोठं नाही. कॉर्नर-फ्री किकला एका लाईनमननं बॉल सोडून माणसांकडं बघावं, आणि मॅचनंतर व्हिडीओत मार दिसला तर त्या खेळाडूला आणि "चिकटून राहा, सोडू नको" म्हणून बाहेरनं ओरडणाऱ्या कोचलाही बाहेर बसवा. त्या पोराचंही वय तेवढंच हो, त्याला हे कुणीतरी शिकवलंयच की.

पण करणार कोण? खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीला जायला लोकांकडनं पैसे गोळा करावे लागले. आज सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे म्हणता, पण तिथवर पोरगं धड अंगानं पोचलं तर ना? मेडल आलं की मिरवणुकीला सगळे पुढं, १६ वर्षांच्या पोराचा जबडा मोडला की त्याच्या बापानं कर्ज काढायचं. फुटबॉल असो, कबड्डी असो, सगळीकडं हेच.

पोरगं वहीवर लिहून विचारतं, पप्पा परत हेडिंग करता येईल का. डॉक्टर म्हणतात बघू.

सव्वा मिनिटाचा व्हिडीओ माझ्या मोबाईलमध्ये आहे, कोपर स्पष्ट दिसतोय. कधी यायचं तेवढं कळवा, रजा टाकून मुंबईला येतो.

आपला,
एका फॉरवर्डचा बाप, कोल्हापूर